सावळारामची दुसरी मशीन

सापगावचा सावळाराम पत्रे बसवतो. गोठा, पडवी, दुकानाची शेड, मुरबाडकडच्या फार्महाऊसांत गाड्या उभ्या करायची जागा, कुठलंही काम तो घेतो. वय पन्नाशीच्या पुढे. भात कापून झालं की तो छपरावर चढतो आणि पाऊस आला की उतरून शेतात जातो. असंच त्याचं वर्ष सरतं.

पत्रा एकट्याने बसत नाही. दोन टोकांना दोन माणसं लागतात आणि दोघांच्या हातात स्क्रू मारायची एकेक मशीन. वर वायर ओढत नेणं अवघड, म्हणून मशीन बॅटरीवरची. सावळारामकडे अशा दोन होत्या. एक त्याची स्वतःची. दुसरी त्याने बुध्याला दिली होती, चार्जरसकट, घरी ठेवायला.

बुध्या गावाबाहेरच्या कातकरवाडीतला. सहा वर्षं तो पत्र्याचं दुसरं टोक धरत होता. त्याआधी दर दिवाळीनंतर बायकोपोरांना घेऊन वीटभट्टीवर जायचा. पत्र्याचं काम मिळाल्यापासून जाणं थांबलं आणि त्याची मुलगी छाया गावच्या शाळेत सलग पाचवीपर्यंत आली. सावळाराम हे चारचौघांत सांगायचा. सांगताना 'माझ्यामुळं' हा शब्द त्याच्या तोंडून हटकून जायचा.

मशीन ठेवताना बॅटरी काढून ठेवावी, हे सावळारामनेच बुध्याला शिकवलं होतं. बुध्या रोज काढायचा. सावळाराम कंटाळा करायचा. त्याची बॅटरी मशीनलाच असायची.

दसऱ्याला सगळी हत्यारं सावळारामच्या ओट्यावर मांडली जात. कात्री, हातोडा, दोर, शिडीचं एक टोक आणि दोन्ही मशीन. यंदाही बुध्या सकाळी आपली मशीन घेऊन आला, पुसून मांडली, बॅटरी काढून शेजारी ठेवली आणि उंबऱ्याच्या अलीकडे उभा राहिला. सावळारामने ओल्या हळदकुंकवाचं बोट एकेका हत्याराला लावलं. दोन फुलं, चार अक्षता, पळीभर पाणी. सावळारामच्या बायकोने, गिरजावहिनींनी, बुध्याच्या हातावर सोनं म्हणून आपट्याचं पान ठेवलं. ते घेऊन तो गेला.

दिवाळीनंतर बुध्याची मशीन दम सोडू लागली. सावळारामची एका भरण्यात दोनशे स्क्रू मारायची. बुध्याची आधी शंभरावर आली, मग साठ, मग तीस. थंडी असेल, सावळाराम म्हणाला. मग म्हणाला, नीट चार्ज करत जा. मग काही म्हणेनासा झाला, नुसता बघायचा.

डिसेंबरात धसईकडे एका फार्महाऊसचं काम होतं. तिथला रखवालदार राघो खाली खुर्ची टाकून बसलेला. वर पत्रा अर्धा बसला होता. सावळारामचं टोक पक्कं झालेलं, बुध्याचं वाऱ्याने फडफडत होतं.

"परत बसली?" सावळारामने विचारलं.

"बसली दादा."

"रात्री चार्जला लावलेली?"

"लावलेली. हिरवा लाइट आला, मंगच काढली."

"हिरवा लाइट आला, आन तीस स्क्रूत मशीन बसली? माझी कशी नाय बसत रे?"

बुध्याने गुडघा पत्र्यावर दाबून धरला होता.

खालून राघो हसला. "अरे सावळ्या, याच्या वाडीत दोन घरांवर नवे पत्रे चढलेत म्हणं. त्यांना स्क्रू कोणी मारला, ते इचार की."

राघोने गंमत म्हणून टाकलेलं वाक्य होतं. ते पत्रे घरकुलाच्या ठेकेदाराने बसवले होते, हे सावळारामला कुणालाही विचारून कळलं असतं. पण त्याला महिनाभर एक उत्तर हवं होतं, आणि ते आयतं वर आलं.

"असं हाय होय," तो म्हणाला. "सांजचं वाडीवर परस्पर कामं करायची आन सकाळी मला रिकामी बॅटरी आणून द्यायची. तुमी लोक सुधारायचे नाय."

खाली भिंतीचं काम करणारे गवंडी थांबले. राघोचं हसू अर्ध्यावर राहिलं. बुध्याने पत्र्यावर एक मोठा दगड ठेवला, तो उडणार नाही याची खात्री केली आणि मग शिडीने उतरला. खाली बसून मशीन फडक्याने पुसली. बॅटरी काढली. दोन्ही खोक्यात ठेवून खोकं सावळारामच्या मोटारसायकलला अडकवलं.

"तुमची मशीन, दादा," एवढंच बोलला आणि रस्त्याला लागला.

आठवड्याने कळलं, वाडीतून पडघ्याकडच्या भट्टीवर गाडी गेली, तीत बुध्या, त्याची बायको यमू आणि छाया होती. मास्तरांनी सावळारामला रस्त्यात गाठून विचारलं, "पोरगी हुशार होती हो. काय झालं?"

"काय म्हाइत," सावळाराम म्हणाला.

जानेवारीत त्याची स्वतःची मशीन छपरावरून पडली आणि बॅटरीसकट फुटली. त्याने माळ्यावरून बुध्याचं खोकं काढलं. चार्जरही त्यातच होता, यमू मागाहून आणून देऊन गेली होती. घरी स्वतःच्या हाताने बॅटरी चार्जला लावली. हिरवा दिवा लागला, मगच काढली. दुसऱ्या दिवशी अठ्ठाविसाव्या स्क्रूला मशीन त्याच्या हातात थांबली.

तो तसाच पत्र्यावर बसून राहिला. उन्हाने पत्रा तापत गेला. खालून नव्या जोडीदाराने दोनदा हाक मारली.

चौथ्या दिवशी तो खोकं घेऊन शहापूरच्या बाजारात साईनाथकडे गेला. साईनाथ मिक्सर, मोटारी, मशीन असं सगळं दुरुस्त करतो. काम आणि तोंड एकाच वेळी चालतं त्याचं.

"गरम होते का काका?"

"नाय."

"पाण्यात पडली?"

"नाय."

"ही बॅटरी तुमच्या दुसऱ्या मशीनला लावून बघितली?"

सावळारामने नकाराची मान हलवली.

"दुसऱ्या चार्जरवर?"

मान पुन्हा तशीच हलली.

"अरे काका, हे तर पयलं करायचं! हिची तिकडं, तिची हिकडं. एक दिवस अदलाबदल करायची. रडगाणं बॅटरीबरोबर गेलं तर बॅटरी खराब, नाय गेलं तर मशीन खराब. एवढी वर्षं हत्यार वापरता, हे नाय सुचलं?"

"मला वाटलं..." सावळाराम म्हणाला, आणि त्याला काय वाटलं होतं ते त्याने सांगितलं नाही.

मनातून तो एका गोष्टीची वाट पाहत होता. साईनाथने म्हणावं, सेल म्हातारे झाले, तीन वर्षं झाली की होतात, कुणाचा दोष नाही. साईनाथने बॅटरी उघडली, मीटरच्या दोन सुया एकेका सेलला टेकवल्या आणि मान हलवली. "सेल तर पैलवान आहेत." मग त्याने बॅटरीचं तोंड, म्हणजे मशीनमध्ये सरकतो तो पितळी पट्ट्यांचा भाग, दिव्याखाली धरला आणि सुईने खाचेतून काहीतरी खरवडलं. पांढऱ्या कागदावर लालपिवळा चुरा पडला.

साईनाथने तो बोटावर घेतला, नाकाशी नेला आणि मोठ्यांदा हसला. "कुंकू! काका, बॅटरीचं लगीन लावलंत काय?"

सावळाराम कागदाकडे बघत राहिला. त्याला ओटा दिसला. आपलं ओलं बोट दिसलं. त्याच्या मशीनला बॅटरी जोडलेली होती, म्हणून बोट वरच्या प्लास्टिकला लागलं होतं. बुध्याची बॅटरी काढून शेजारी ठेवलेली, चकचकीत पट्ट्या वर करून. त्याला ते तिचं कपाळ वाटलं होतं. म्हणून तिथे जरा जास्तच लावलं होतं.

"ओलं लावलंत, ते आत गेलं," साईनाथ सांगत होता. "पट्ट्या हिरव्या पडल्यात, वर हा लगदा. चार्जरला वाटतं भरली, तो मधेच सोडून देतो. आन मशीनने जोर मागितला की करंट इथंच अडतो. वापरणाऱ्याची काय चूक नाय."

शेवटचं वाक्य तो सहज बोलला. ब्रशला स्पिरिट लावून पट्ट्या साफ केल्या, तासाभराने पुरी चार्ज झालेली बॅटरी मशीनला लावली आणि फळीवर स्क्रू मारून बघायला सांगितलं. सावळारामने मारले. मारतच राहिला. मशीन थांबेना.

"बस करा काका, फळी माझी हाय," साईनाथ म्हणाला.

रविवारी सावळाराम भट्टीवर गेला. बुध्या चिखल तुडवत होता. यमू साच्यातून विटा काढत होती आणि छाया त्या उन्हात उभ्या करून ठेवत होती. सावळाराम चिखलाच्या काठावर उभा राहिला आणि सगळं बोलून गेला: दसरा, कुंकू, साईनाथ. बुध्या पाय न थांबवता ऐकत होता.

"तो कुकू मी बघितलेला," तो म्हणाला.

"बघितलेला? मंग पुसला का नाय?"

"तुमच्या पूजेचा. तुमी लावलेला. मी कसा पुसू?"

"अरे, मंग बोलायचं तरी!"

"इचारलं कुठं तुमी?"

यमूने साचा आपटला. "मशीन बरी झाली ना दादा? मंग झालं."

छायाने त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा विटेकडे. तिचे हात कोपरापर्यंत मातीचे होते.

"बुध्या, परत ये," सावळाराम म्हणाला. "माझं चुकलं."

"पावसापर्यंतचा शब्द दिलाय हितं. मोडता येत नाय." बुध्या आता थांबला. "राघोला सांगितलं?"

"काय?"

"हे. मी काय केला नाय ते. गवंडी पण होते."

सावळारामने मान खाली घातली. राघो त्याच्या डोक्यातच आला नव्हता.

"तर मंग पयलं तिथं सांगा. मला काय सांगता? मी केला नाय ते मला म्हाइतच होतं."

दुसऱ्या दिवशी सावळाराम धसईला गेला. राघो त्याच खुर्चीत होता. नाव ऐकून म्हणाला, "बुध्या? तो मशीनचोर?"

'चोर' हा शब्द त्या दिवशी कुणी उच्चारला नव्हता. तो नंतर आपोआप उगवला होता. सावळारामने उभ्या उभ्या सगळं सांगितलं. राघो ऐकून म्हणाला, "जाऊ दे रे, एवढ्यासाठी पेट्रोल जाळलंस? मी तर तीन पत्रेवाल्यांना सांगून बसलो, त्याला घेऊ नका म्हणून."

"कोण तिघं?"

राघोने नावं सांगितली. एक मुरबाडचा, एक डोळखांबचा, एक खर्डीचा. मुरबाडच्याकडे सावळाराम त्याच दुपारी गेला. डोळखांबच्याकडे आठवड्याने. तिथे सगळं सांगून झाल्यावर तो पत्रेवाला म्हणाला, "म्हणजे चोर तू निघालास." सावळाराम हो म्हणाला. गवंडी कुठल्या कामावर गेले, याचा पत्ता अजून लागलेला नाही. खर्डीचा राहिला आहे. दोनदा निघाला आणि दोनदा अर्ध्या वाटेतून मागे फिरला. तो माणूस त्याच्या सासुरवाडीचा आहे.

त्याने आता स्वतःसाठी नवी मशीन घेतली आहे. बुध्याची तो वापरत नाही. रिकामी पडून राहिली तर बॅटरी कायमची मरते, असं साईनाथने बजावलं होतं, म्हणून महिन्यातून एकदा तो ती काढतो, कोरड्या फडक्याने पट्ट्या पुसतो आणि चार्जला लावून शेजारी बसून राहतो. गिरजावहिनी विचारतात, "किती येळ बसणार हो?" तो हिरव्या दिव्यावर विश्वास ठेवत नाही. काढून मशीनला लावतो, एका फळीवर चार स्क्रू मारून बघतो, बॅटरी परत काढून घेतो. मग मशीन आणि बॅटरी वेगवेगळी खोक्यात ठेवतो. बॅटरी पालथी, तोंड खाली करून.

पावसाला अजून दोन महिने आहेत.