आळशी लोकांचा धडा

मास्तरांनी छडी माझ्या बरगड्यांवर टेकवली आणि वर्गाला म्हणाले, "पुस्तकात वाचलंत. आता प्रत्यक्ष पाहा."

सदरा त्यांनी आधीच काढायला लावला होता. जव्हारची संस्थानी शाळा. समोर कारकुनांची पोरं, फौजदाराचा मुलगा, पेठेतल्या दुकानदारांची पोरं. मी टेबलापाशी उभा, कमरेला तेवढं फडकं. एरवी माझी जागा दाराशी, चपलांच्या ओळीला लागून. डोंगरातलं पोर त्या वर्गात मी एकटंच. वारल्याचं. बापूस राजवाड्याच्या पागेतल्या घोड्यांना गवत आणून टाकायचा, म्हणून कुणीतरी शब्द टाकला आणि मला शाळेत घेतलं. उपकार केला. रोज कुणी ना कुणी त्याची आठवण करून द्यायचं.

नकाशावर मुंबई, पुणे दाखवायची तीच छडी. आता ती माझ्या अंगावरून फिरत होती.

"हे केस. तेलाचा थेंब नाही. हे पोट, आंबील पिऊन फुगलेलं. आणि हा खांदा. घट्टा बघा. बैलासारखा."

पोरं हसली. फौजदाराचा मुलगा जागेवरून उठून घट्टा बघायला जवळ आला. मास्तरांनी त्याला बघू दिलं. त्यानं बोट लावून बघितलं आणि बोट सदऱ्याला पुसलं.

धडा डोंगरी लोकांवर होता. लहानसाच, सात-आठ ओळींचा. मास्तर देशावरून आलेले, तरुण, बंद गळ्याचा कोट, डोक्यावर पगडी. तात्पर्यावर त्यांचा फार भर. प्रत्येक उतारा संपला की विचारायचे, "तात्पर्य काय?" आणि उत्तर स्वतःच सांगायचे. आम्ही ते पाठ करायचं. उताऱ्यातून ते कसं निघालं हे विचारायची सोय नव्हती.

"बोला. तात्पर्य काय?"

वर्ग एका सुरात ओरडला, "डोंगरांत राहणारे लोक फार आळशी असतात."

"आता तू." छडी माझ्या छातीवर आली. "मोठ्यानं. आणि 'आम्ही' म्हणून म्हण. तुमच्याबद्दलच लिहिलंय."

माझ्या पायांना गवताची ओली पाती चिकटलेली होती. उजाडायच्या आधीपासून बापसाबरोबर गवत कापलं होतं. भारा पागेत टाकला आणि तसाच पळत शाळेत आलो होतो. खांद्यावरचा घट्टा त्या भाऱ्याचाच.

"आम्ही फार आळशी असतो," मी म्हणालो.

"शाबास," मास्तर म्हणाले.

त्या शाळेत मला मिळालेली शाबासकी ती एकच.

संध्याकाळी बापूस विळ्याला धार लावत होता. त्यानं विचारलं, "आज काय शिकलास?" मी सांगितलं. त्याचा हात थांबला. मग पुन्हा दगडावर पातं घासायला लागला. म्हणाला, "पुस्तकात हाय तं खराच असंल."

वर्गातल्या पोरांचं हसणं मला एवढं लागलं नव्हतं.

मी शिकलो. हट्टानं शिकलो. मराठीची शेवटच्या इयत्तेची परीक्षा पास झालो तेव्हा वांगणीच्या वरच्या अंगाला एका पाड्यावर शाळा निघायची होती. कुणी मास्तर जायला तयार नव्हता. रस्ता नाही आणि हिवताप माणसाला सोडत नाही. मग मी आठवलो. डोंगरातला माणूस डोंगरात टिकेल म्हणाले. मी गेलो.

कारवीच्या कुडाची शाळा. पाड्यातल्या बायांनी शेणामातीनं सारवून दिली. पोरं यायला लागली. मराठी त्यांना परकीच. पुस्तकातली तर फारच. मी ओळ वाचायचो, आमच्या बोलीत सांगायचो, मग पोरं वाचायची. त्यात सोमी नावाची पोरगी होती. शाळेत तिचं नाव नव्हतं. धाकट्या भावाला सोडायला यायची, आणि त्याच्याहून धाकट्याला कडेवर घेऊन कुडाला टेकून उभी राहायची. उभ्या उभ्या वाचायला शिकली. मग मी तिला आत बसवलं.

आणि जव्हारहून पुस्तकांचा गठ्ठा आला. तेच पुस्तक. त्यात तोच धडा.

मी तो गाळला. पुढचा शिकवला. पोरांना कळलंसुद्धा नाही. पण नंतर हुकूम आला की शाळातपासनीस येणार आहेत, नेमलेले सगळे धडे तयार ठेवा. खाली तपासनिसांचं नाव. तेच मास्तर. हुद्द्यानं चढत गेले होते.

त्या दुपारी पोरं जेवायला गेली आणि मी उंबऱ्यावर बसून तो धडा उघडला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. लहानपणी मी तो ऐकला होता, पण पहिल्या ओळीपुढे माझ्या कानात काही शिरलंच नव्हतं. आता बोट ठेवून वाचला.

"डोंगरांत राहणारे लोक फार आळशी असतात. ते पहाटे उठून रानांत जातात. लांकडांच्या व गवताच्या मोळ्या डोक्यावर घेऊन बाजारांत येतात. पावसाळ्यांत ते उतारावर नागली लावितात. सरकारी कामगार फिरतीवर आले म्हणजे त्यांची डोली वाहतात. तरी ते गरीबच राहतात. म्हणून मुलांनीं आळस करूं नये."

पुन्हा वाचला. मग हसूच आलं.

पहाटे उठतात. मोळ्या वाहतात. नागली लावतात. डोल्या उचलतात. आणि आळशी. लिहिणाऱ्यानं स्वतःच्याच हातानं लिहिलं होतं आणि त्याला दिसलं नव्हतं. छापणाऱ्याला दिसलं नव्हतं. छडीवाल्याला दिसलं नव्हतं. अख्ख्या वर्गाला दिसलं नव्हतं. मलाही नाही, आणि माझे तर पाय ओले होते.

दुसऱ्या दिवशी मी धडा घेतला. वाचून दाखवला. आमच्या बोलीत सांगितला. विचारलं, "ह्यात मुख्य गोष्ट काय?"

पोरं पहिली ओळ म्हणाली. पहिली ओळ म्हणजे मुख्य, असं पोरांना वाटतंच. मी 'नाही' म्हटलं नाही. बाहेरून तीन दगड आणले, वर्गात मांडले, वर पाण्याची हंडी ठेवली.

"मुख्य गोष्ट म्हणजे ही हंडी," म्हटलं. "बाकीच्या ओळी म्हणजे दगड. प्रत्येक ओळीला विचारायचं, तू हंडीला धरतेस का? दगड खाली नसेल तर हंडी पडते. मग ती कुणीही ठेवलेली असो. पुस्तकानं ठेवलेली असली तरी पडते."

एकेक ओळ घेतली. 'पहाटे उठून रानात जातात.' ही ओळ आळसाला धरते? पोरं एकमेकांकडे बघायला लागली. नाय. 'मोळ्या घेऊन बाजारात येतात.' नाय. 'नागली लावतात.' एक पोरगा ओरडलाच, "नागली लावायला वाकून बघा म्हणावं!"

सोमी कडेवरच्या भावाला खाली ठेवत म्हणाली, "मास्तर, हंडी वायली हाय, दगड वायले हायत. जमत नाय."

"मग ह्या दगडांवर कुठली हंडी बसेल?"

बराच वेळ लागला. कुणी म्हणालं, लोक लय राबतात. कुणी म्हणालं, नाय, गरीब राहतात ते मुख्य. मी मध्ये बोललो नाही. सोमीनं दोन्ही जोडलं. "राबतात. तरी गरीब राहतात."

"का पण?" एकानं विचारलं.

"ते धड्यात नाही," मी म्हटलं. "ते मोठे झालात की धड्याच्या बाहेर शोधा."

तपासनीस आला. मी आता 'आले' म्हणत नाही. तो आला डोलीतून. दाभोशाच्या धबधब्याच्या अंगानं नदी ओलांडून सगळा चढ डोलीतून. पाटलानं वेठीला माणसं धरली होती, आमच्याच पाड्यातली. नागली कापणीला आली होती, ती उभी सोडून. पुढच्या दांड्याला सोमीचा बापूस. डोली टेकवली तेव्हा त्याच्या हनुवटीवरून घाम मातीत टपकत होता. तपासनिसानं सांगितलं, लांब बसा. ते कुडाच्या सावलीत बसले.

तो जाडा झाला होता. मला ओळखलं नाही. माझी जात विचारली, मी सांगितली, तर म्हणाला, "अरे वा. सुधारणा आहे." खुर्ची नव्हती, म्हणून पाटलाच्या घरून बाज आणली होती, तिच्यावर बसला. पुस्तक उघडलं. पान बरोबर तेच.

धडा वाचायला लावला. पोरांनी वाचला, न अडखळता. मग विचारलं, "तात्पर्य काय?"

सोमी उभी राहिली. "डोंगरातले लोक लय राबतात, तरी गरीब राहतात."

"चूक. पहिलं वाक्य वाच."

"वाचला. पण तो बाकीच्या ओळींवर बसत नाय."

"कुणी शिकवलं हे?"

"धड्यातच हाय." तिनं पुस्तकावर बोट ठेवलं. "ही दुसरी ओळ. ही तिसरी. ही चौथी." मग दाराकडे बघून म्हणाली, "पाचव्या ओळीत माझा बापूस हाय. तो भायेर बसलाय."

तपासनीस लाल झाला. पोरगी घाबरली, पण खाली बसली नाही. त्यानं सोबत आणलेली छडी उचलून माझ्यापुढे धरली.

"मास्तर, हात पुढे करायला लावा. द्या हिला. आणि बरोबर तात्पर्य म्हणवून घ्या. 'आम्ही' म्हणून म्हणू दे."

तोच शब्द. तसाच.

मी छडी घेतली नाही.

"मारणार नाही," म्हटलं. "आणि ती म्हणणारही नाही. तुमच्यापुढे मी एकदा म्हटलंय. सदरा काढून. जव्हारच्या शाळेत. तुम्ही शाबास म्हणालात."

तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. खरंच आठवायचा प्रयत्न करत होता, हे मला दिसलं. मग म्हणाला, "मला नाही आठवत."

माझं सगळं आयुष्य ज्या घटकेवर उभं होतं ती घटका त्याच्या डोक्यात नव्हतीच. एखादा नकाशा दाखवला, गुंडाळून ठेवला, विसरला. माझ्या आत जे काही भीतीचं उरलं होतं ते तिथं संपलं.

मी पुस्तक उचललं आणि बाहेर गेलो. डोलीवाल्यांच्या पुढ्यात उभा राहिलो. धडा वाचला. ओळ वाचायची, बोलीत सांगायची, जशी पोरांना सांगतो तशी. पहिली ओळही सांगितली. शेवटचीही. तपासनीस आतून ओरडत होता, "काय चाललंय हे?" मी वाचत होतो. बापये ऐकत होते.

मग त्यानं हुकूम केला, डोली उचला.

सोमीचा बापूस उठला. खांद्यावरची चुंबळ काढली, झटकली, डोक्याला गुंडाळली. म्हणाला, "आळशी माणसाला डोली उचलत नाय, सायेब."

बाकीचेही उठले आणि नागलीकडे चालते झाले.

तो पायी उतरला. पाटील मागे-पुढे करत होता, पण पाटलाच्या खांद्यावर काही तो बसू शकत नव्हता. बूट शहरातले, उतार खडकाळ. दोनदा बसकण मारली. कोटाला काटे लागले. पगडी एकदा कारवीत अडकली, ती त्यानं स्वतःच्या हातानं सोडवली. मी मागोमाग गेलो. मदतीला नाही. बघायला. नदीपर्यंत गेलो. पोटभर बघितलं. त्याची मला लाज नाही.

किंमत पडली. शिपाई आले. मला बडतर्फ केलं, शाळेला कुलूप. कुडाच्या शाळेला कुलूप कसलं, दार काढून नेलं. डोलीवाल्यांना जव्हारला कोठडीत टाकलं. सोमीचा बापूस परत आला तेव्हा त्याचा एक पाय नीट टेकत नव्हता. मी त्याच्यापुढे गेलो. तोच आधी बोलला. म्हणाला, "तो धडा माझ्या धाकट्यालाही शिकव. नीट शिकव." तो आजही लंगडतो. तेही माझ्या हिशेबात आहे, आणि ते मी त्याच्याच खात्यावर लिहिलंय. त्या छडीवाल्याच्या.

आता मी मोळ्या विकून पोट भरतो. खोडाळ्याच्या बाजाराला जातो, येतो. वाटेत प्रत्येक पाड्यावर थांबतो. पोरं गोळा करतो. जिथं शाळा आहे तिथली शाळेतली, जिथं नाही तिथली गुरं राखणारी. झाडाखाली दगड मांडतो आणि वाचायला शिकवतो. अक्षर नव्हे फक्त. ओळीला प्रश्न विचारायला शिकवतो. सोमी मोठी झाली. ती दाभोशाकडच्या पोरांना शिकवते.

तपासनीस अजून फिरतीवर असतो. एका शाळेत त्यानं तोच धडा विचारला आणि एका कातकऱ्याच्या पोरानं उत्तर दिलं, राबतात, तरी गरीब राहतात. दुसऱ्या शाळेत एका ठाकराच्या पोरीनं दिलं. मला बातमी पोचते. आता ऐकतो की त्यानं तो धडा विचारणं सोडलंय. पान उलटतो. दुसरे धडे विचारतो.

म्हणून मी पोरांकडून आता सगळं पुस्तक वाचून घेतोय. पहिल्या पानापासून. दयाळू सावकाराचा धडा. इमानी नोकराचा धडा. ज्या पानावर तो बोट ठेवील त्या पानावर माझं एक पोर तयार असेल. त्याला माफी नाही. तो पेन्शनीत निघेपर्यंत नाही, आणि त्याच्या जागी जो येईल त्यालाही नाही.