सकाळी सातची रिंग

निघताना माझी सॅक साडेआठ किलो भरली. गावातल्या किराणा दुकानाच्या काट्यावर मोजली होती. दोन कुर्ते, दोन पँट, एक स्वेटर, कपडे वाळवायची दोरी, तापाच्या गोळ्या, जवसाची चटणी, पासपोर्टच्या झेरॉक्स तीन ठिकाणी. २००९ चा ऑगस्ट होता. कॉलेजात वीस वर्षं प्रयोगशाळा सहायक म्हणून काढल्यावर मी स्वेच्छानिवृत्ती घेतली होती. वय पंचेचाळीस, लग्न केलं नव्हतं. नऊ महिने एकटीनं फिरायचं ठरवलं होतं: थायलंड, लाओस, कंबोडिया, व्हिएतनाम, आणि जमलं तर पुढे इंडोनेशिया.

घरी बाबूजी एकटे राहणार होते. ते चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. चोरखमाऱ्याच्या तलावाच्या पाण्यावर भिजणाऱ्या आमच्या धानाच्या चार बांध्या ते अजून स्वतः बघत. शेजारी चुलतभावाचं घर होतं आणि वहिनी संध्याकाळचा डबा देणार होती. तेवढी व्यवस्था पुरेशी आहे असं मी धरलं होतं.

फोनची व्यवस्थाही मीच लावली. बाहेरून बोलणं महाग पडायचं. म्हणून रोज आपल्या सकाळी सातला मी रिंग द्यायची आणि बाबूजींनी लाल बटण दाबून ती कापायची. रिंग आली म्हणजे मी ठीक, कापली म्हणजे ते ठीक. आमच्याकडे तेव्हा सगळेच मिस्ड कॉलवर चालायचे. दूधवाला, ट्रॅक्टरवाला, नागझिऱ्याच्या जंगलात पाहुणे नेणारा जीपवाला, सगळे. बाबूजींना शिकवायला दोन मिनिटं लागली.

"उचलायचा नाही," मी म्हटलं.

"कापाचा. समजलं ना," ते म्हणाले. "येवढं कायले सांगून राहिलीस?"

पहिले दोन महिने छान गेले. गावात मी सदैव कुणाची तरी मुलगी, कुणाची तरी पुतणी होते. बँकॉकच्या प्रवाशांच्या वसतिगृहात मी फक्त खालच्या बंकवरची बाई होते. कुणी विचारत नव्हतं की लग्न का नाही केलं. उत्तरेकडच्या डोंगरांत सायकल भाड्यानं घेऊन दिवस दिवस हिंडले. एका बाजारात भाजीवालीनं माझ्या हातावर मूठभर उकडलेल्या शेंगा ठेवल्या आणि पैसे घेतले नाहीत. त्या दिवशी वहीत मी नुसतं "चांगला" लिहिलं.

वही माझ्याजवळ कायमच होती. डाव्या पानावर खर्च आणि गाड्यांच्या वेळा, उजव्या पानावर रिंग. फोन कितव्या रिंगला कापला गेला ते मी लिहून ठेवत असे. दुसऱ्या रिंगला कापला, तर बाबूजी ओट्यावर चहा घेत असणार. पाचव्या-सहाव्याला कापला, तर गोठ्यात असतील, हात धुऊन आले असतील. ऑक्टोबरमध्ये आठ-दहा दिवस सलग पहिल्याच रिंगला फोन कापला जात होता. मी लिहिलं: "फोन खिशात ठेवायला लागले. उत्तम."

एकटेपणा केव्हा सुरू झाला ते वहीत सापडत नाही. तो जेवणाच्या वेळी लागायचा. एकटीसाठी टेबल मागायचं, समोरच्या रिकाम्या खुर्चीवर सॅक ठेवायची, म्हणजे खुर्ची रिकामी दिसत नाही. वसतिगृहातली मुलं वीस-बावीसची. चांगली होती, जागा द्यायची, पण संध्याकाळी मला सोडून बाहेर पडायची, आणि त्यात त्यांचं काही चुकत नव्हतं. लाओसमध्ये एकदा बसच्या खिडकीतून कापणी दिसली. धान अजून हिरवट होतं. आठ दिवस घाई झाली होती. हे मला दिसलं, कळलं, आणि सांगायला शेजारच्या सीटवर झोपलेला एक जर्मन होता. मग मी ते मनातच मराठीत पूर्ण वाक्य करून म्हटलं. असं मी फार करायला लागले होते.

नोव्हेंबरात पाक्से नावाच्या गावी मला ताप आला. नदीकाठचं लहानसं गेस्टहाऊस, वर पंखा, खाली हिरवी फरशी. यादीप्रमाणे सगळं केलं. गोळी, मीठ-साखरेचं पाणी, दर चार तासांनी थर्मामीटर. मालकीणबाई दारात भाताची पेज ठेवून जायची, हसायची. मला तिची भाषा येत नव्हती आणि तिला माझी. तिसऱ्या सकाळी उठून बेसिनपर्यंत जाताना मी मध्येच फरशीवर बसले. तिथून मोबाइल घेतला. भारतात सात वाजले होते.

रिंग दिली. दुसऱ्या रिंगला फोन कापला गेला.

मला बोलायचं होतं. पुन्हा लावला. कापला. आता तरी त्यांना कळेल म्हणून लगेच तिसऱ्यांदा लावला. कापला. चौथ्यांदा तर पहिल्याच रिंगला कापला.

मी फोन मांडीवर ठेवून बसले. नऊ महिन्यांच्या प्रवासाच्या याद्या केल्या होत्या. पासपोर्ट हरवला तर काय, कुत्रा चावला तर काय, सगळं लिहिलं होतं. मी ठीक नसले तर कशी रिंग द्यायची, ते ठरवलंच नव्हतं. त्यांच्यासाठीही ठरवलं नव्हतं.

शेवटी वहिनीचा नंबर लावला. तिनं लगेच उचलला.

"अवो बाई! कुठं हायस तू?"

"वहिनी, बाबूजींना दे जरा."

ती चालायला लागली. तिच्या चपला, कोंबड्या, बादलीच्या कडीचा आवाज, सगळं ऐकू येत होतं. मग दुरून तिचं, "काकाजी, बाईचा फोन हाय, घ्या," आणि बाबूजींचं, "आताच त कापलो तिचा! चारदा वाजवली, चारदा कापलो. मले वाटलं आज पोरगी खुशीत हाय."

मला हसू आलं आणि मग हसू थांबेना. त्यांनी फोन घेतला तेव्हा मी रडत होते.

"काऊन? काय झालं?"

"ताप आहे थोडा."

"किती?"

"एकशे एक."

"दवाखान्यात गेलीस?"

"नाही. उतरतोय आता."

मागून वहिनीचा आवाज आला, मोठ्यानं, मुद्दाम मला ऐकू येईल असा. "सांगा ना मंग तुमचंबी! ते बी सांगा!"

"तू चूप राहाय," बाबूजी म्हणाले.

"काय सांगायचं?" मी विचारलं.

वहिनीनं फोन त्यांच्या हातातून घेतला. ऑक्टोबरात बाबूजी बांधीच्या मातीच्या पाळीवरून घसरले होते. घोटा गेला होता. आठ-दहा दिवस खाटेवर होते. डॉक्टरकडे गेले नाहीत, गावातल्या एकाकडून चोळून घेतलं. "आमाले म्हणाले, बाईले सांगसाल त पाहा. फोन उशापाशी घेऊन निजत होते. वाजला का लगेच कापत होते."

वही सॅकच्या वरच्या खणात होती. उघडून पाहायची गरज नव्हती.

बाबूजींनी फोन परत घेतला. "आता बरं हाय. चालून राहिलो."

"मी येऊ का?"

"कायले? नऊ महिने म्हणली होतीस ना? धान कापाले माणसं लावली हायेत मी."

मी गेले नाही. ताप उतरला आणि कंबोडियात गेले, मग व्हिएतनाममध्ये. चांगले दिवस त्यानंतरही होते. समुद्रकिनाऱ्यावरच्या एका गावात मी पंधरा दिवस राहिले आणि पोहायला शिकले. पण सातची रिंग बंद केली आणि रविवारी फोन करून बोलायला लागले. आम्हाला बोलता येत नव्हतं. जेवलीस का, जेवलात का, इथं थंडी आहे, इथंही. मग दोघंही गप्प. त्या शांततेचे पैसे जात आणि मला ते कळत असूनही मी फोन ठेवत नसे. हळूहळू एक गोष्ट ध्यानात आली आणि ती बरी वाटली नाही: घरी असतानाही आम्ही असंच बोलत होतो. वीस वर्षं एका छताखाली, सकाळी एकदा "ठीक?" आणि त्यावर "हो". रिंगची ही पद्धत मी निघताना शोधलीच नव्हती. ती घरातली चालच होती, मी फक्त तिला फोन जोडून दिला होता.

फेब्रुवारीत, तीन महिने बाकी असताना, मी परत आले. इंडोनेशिया राहिलं. गोंदिया स्टेशनवरून बसनं गावात पोचले तेव्हा दुपार होती. बाबूजी ओट्यावर बसून दोरी वळत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, सॅककडे पाहिलं.

"लवकर आलीस."

"आले."

ते पाणी आणायला उठले आणि भिंतीला हात लावून दोन पावलं टाकली.

"पाय कसा आहे?" मी विचारलं.

"ठीक हाय."

एरवी मी इथं सॅक आत ठेवायला गेले असते. मी ओट्यावर बसले.

"ठीक म्हणजे कसा?"

ते भिंत धरून मागे फिरले. मग माझ्या शेजारी बसले, धोतर वर घेतलं आणि घोटा दाखवला. तो अजून सुजलेला होता, आणि बाहेरच्या बाजूला हाड वाकडं जुळलं होतं.

"सकाळी दुखते," ते म्हणाले. "थंडीत जास्त."