अकरा व्होल्टच्या पुढे

प्रत्येक समीकरणाला उत्तर असतं. फक्त धीर धरावा लागतो. हे वाक्य आमच्या हडपसरच्या ऑफिसात सोनेरी चौकटीत लावलेलं आहे. त्याच्या शेजारची लिफ्ट गेल्या पावसाळ्यापासून बंद आहे. तरीही नव्याने रुजू होणाऱ्यांना मी ते वाक्य बरीच वर्षं गंभीर चेहऱ्याने ऐकवत आले.

माझं काम श्रवणयंत्रातल्या मायक्रोफोनचं. तो बनवतात दुसरेच. मी त्याआधी तो संगणकावर चालवून पाहते. तिळाएवढ्या चिपवर केसाहून कितीतरी पातळ पडदा आणि त्याखाली जाळीदार तबकडी. दोहोंमध्ये व्होल्टेज दिलं की पडदा खाली ओढला जातो. त्याचा ताण त्याला वर धरून ठेवतो. हा तोल कुठे साधतो ते प्रोग्राम शोधतो: अंदाज करतो, चूक मोजतो, पुन्हा अंदाज करतो. गिऱ्हाइकाला चौदा व्होल्ट हवे होते. प्रोग्राम अकराच्या जरा पुढे थांबायचा आणि सांगायचा, उत्तर जुळत नाही.

त्याच महिन्यात बाबा हॉस्पिटलात होते. मूत्रपिंडं थकली होती आणि डायलिसिस हृदयाला झेपणारं नव्हतं. पहिल्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, यातून फारसं काही निघणार नाही. मी दुसरे डॉक्टर आणले.

बाबा खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तपासनीस होते आणि तिथल्या आवाजांनी त्यांचे कान निवृत्तीच्या आधीच नेले होते. मी दिलेलं श्रवणयंत्र त्यांनी आठवडाभर लावलं. मग "लोक काय बोलतात ते कळायला लागलं," म्हणून डबीत ठेवून दिलं. त्यामुळे मी वहीत लिहायचे आणि ते सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं उत्तर द्यायचे.

"घरी कधी?"

"चार दिवस," मी लिहिलं. "क्रिएटिनिन उतरतंय."

"कितीनं?"

"पॉइंट एक."

"वा! पेढे वाट."

घरी त्यांना गॅलरीत बसायचं होतं, एवढंच. तिथून कारखान्याचा भोंगा ऐकू येतो, असा त्यांचा दावा होता. आम्ही तो कधी तपासला नाही.

रोज दुपारी मी लॅपटॉप घेऊन त्यांच्या खाटेशी बसायचे. एकदा त्यांनी विचारलं, "तुझं ते अजून अकरावरच?"

मी मान हलवली.

"काय काय केलंस?"

मी यादी लिहून दिली. पडद्याचे तुकडे आणखी बारीक केले. व्होल्टेज अगदी लहान पायऱ्यांनी वाढवलं. प्रत्येक वेळी मागच्या उत्तरापासून सुरुवात केली. फळ: ११.३, मग ११.३४, मग ११.३४७.

त्यांनी चष्मा वर करून आकडे वाचले. "आमच्याकडे असा तुकडा आला की लाल चिठ्ठी लावायची आणि पुढचा घ्यायचा. चार-चारदा मोजून तुकडा सुधारत नाही गं. मोजणारा बिघडतो." वही परत देत म्हणाले, "मला घरी ने."

"चार दिवस," मी लिहिलं.

त्यानंतरचे चार दिवस झाले, आणखी चार झाले. मग एका दुपारी वॉर्डाबाहेरच्या बाकावर मी प्रश्न उलटा विचारला. व्होल्टेज देऊन पडदा किती वाकतो हे न विचारता, पडदा स्वतःच थोडाथोडा वाकवला आणि तिथे धरून ठेवायला किती व्होल्टेज लागतं ते विचारलं. प्रोग्राम निमूट चालला. आलेखाची रेघ वर चढली, पडदा साधारण एक तृतीयांश अंतर उतरल्यावर अकराच्या जरा वर टेकली, आणि खाली वळली. त्या व्होल्टेजच्या वर तोल नव्हताच. तिथे पडदा तबकडीवर आपटतो. प्रोग्राम तीन आठवडे खरं बोलत होता. ही आकृती मी दर वर्षी नव्या मुलांना फळ्यावर काढून दाखवत आले होते.

अहवालात दोन ओळी लिहिण्यासाठी वही उघडली. डाव्या पानावर व्होल्ट होते. उजव्या पानावर, त्याच अक्षरात, क्रिएटिनिन: ६.२, ६.१, ६.१५, ६.१२.

मी उठून काउंटरवर गेले आणि रुग्णाला स्वतःच्या जबाबदारीवर घरी नेण्याचा फॉर्म आणला. कारणाच्या रकान्यात 'रुग्णाची इच्छा' लिहिलं, खाली सही केली आणि तो बाबांना दाखवला. त्यांनी तो तपासनिसाच्या सवयीने दोनदा वाचला.

"सही वाचता येत नाही," ते म्हणाले. "पण चालेल. पास."

अँब्युलन्स दुसऱ्या दिवशी दहाला यायची होती. बाबा सकाळी, चहा यायच्या आधी गेले.

'घरी' हा शब्द त्यांनी पहिल्यांदा उच्चारला त्याला एकवीस दिवस झाले होते. पहिल्या दोन आठवड्यांत ते आधाराने बसू शकत होते. म्हणजे गॅलरीतले चौदा दिवस. यात अंदाज नाही.

काउंटरवर मी काय करायचं ते न कळून आदल्या दिवशीचा फॉर्म पुढे केला. तिथल्या बाईंनी तो पूर्ण वाचला आणि परत दिला.

"अहो, हा आता चालणार नाही. दुसरा लागतो."

दुसऱ्या फॉर्मवर कारणाचा रकाना डॉक्टर भरतात.