तिच्या डेझीला मी घातलेला युरिया

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही. "आईनं बाग का सोडली?" असं मुलानं विचारलं की मी चष्मा पुसत बसायचो. ती जाऊन आता तीन वर्षं झाली. खरं काय ते लिहून ठेवतो.

मी साखर कारखान्याच्या शेती खात्यात होतो. उसाला खत किती, पाणी कधी, हे गावोगाव सांगत हिंडण्यात माझी नोकरी गेली. निवृत्तीनंतर कोल्हापुरात घर बांधलं. दारापुढच्या वाफ्यात बायकोनं पांढरी डेझी लावली. तिच्या हाताला गुण आहे, असं सगळी गल्ली म्हणायची. रोपं न्यायला बायका तिच्याकडेच यायच्या.

एकदा ती आठ दिवस माहेरी, नृसिंहवाडीला गेली. जाताना म्हणाली, "बोटाला माती कोरडी लागली तरच पाणी घाला. सकाळी, मुळाशी, तांब्याभर. दुसरं काय करू नका."

मला हसू आलं. आयुष्यभर सऱ्या भरून पाणी पाजलेला माणूस मी, तांब्यानं काय घालतो! वाफ्यातून पाणी जायची वाट चिखलानं बुजवली, दोन मुठी युरिया फेकला आणि पाणी तुंबवलं. रोज.

ती आली तेव्हा झाडं हिरवीगार, माजलेली. पण कळ्या धरेनात. मग कोवळ्या शेंड्यांवर मावा बसला. तिनं साबणाच्या पाण्यानं पान न् पान धुतलं. पुढं खालची पानं पिवळी पडली. तिनं एक झाड उपटलं, तर मुळं काळी, कुजलेली.

"अवो, तुमी खत-बित घातलंसा काय?"

"मी कशाला हात लावू तुझ्या फुलांना?"

दुनियेला खत सांगणाऱ्या माणसानं एवढंसं कबूल करायचं म्हणजे जिवावर आलं.

त्याच आठवड्यात शेजारीण आली. "वैनी, रोपं देणार हुतासा न्हवं?"

मीच मधे बोललो, "आता दुसरीकडं बघा. हिच्या हाताचा गुण गेला."

शेजारीण हसली. बायकोही हसली, आणि मातीचे हात पदराला पुसत आत गेली. दुसऱ्या दिवशी तिनं खुरपं माळ्यावर टाकलं. पुढं सुनेनं तुळशीचं रोप आणलं, तर म्हणाली, "तूच लाव गं. माझ्या हाताला आता गुण न्हाय." मी समोरच पेपर वाचत होतो. पेपर खाली घेतला नाही.

दवाखान्यात शेवटच्या दिवसांत एकदा सांगायचं ठरवून तिच्या उशाशी बसलो. तिनं डोळे उघडून विचारलं, "जेवलासा का?" मी म्हटलं, "व्हय." तेवढंच झालं.

यंदा मी वाफा उकरला. काळ्या मातीत वाळू मिसळली, पाण्याला वाट ठेवली, खत म्हणून थोडं कुजलेलं शेणखत. सकाळी बोटानं माती बघतो, मगच तांब्याभर पाणी. सुकलेली फुलं खुडत राहतो, म्हणजे नव्या कळ्या येतात. सगळं ती करायची तसंच. डेझी भरून फुललीय. येणारेजाणारे म्हणतात, "आजोबा, तुमच्या हाताला गुण हाय की!" तेव्हा मान वर करवत नाही.

त्या दिवशी उशाशी म्हणायचं होतं ते असं होतं: अगं, युरिया मी घातला होता. पाणीबी मीच तुंबवलं. तुझ्या हाताला काय झालं नव्हतं. मला माफ कर.