सारखे आलेले बारा आकडे

शाळेतली मुले तिला पाठीमागे 'घार' म्हणत, आणि हे तिला ठाऊक होते. एकोणीस वर्षे तिने विज्ञान शिकवले. परीक्षेच्या वेळी ती फळ्याजवळ कधी उभी राहिली नाही, शेवटच्या बाकामागे राहिली. पुढून चेहरे दिसतात आणि मागून माना. चेहरा खोटे बोलायला शिकतो, मान शिकत नाही, असे तिचे म्हणणे होते. दोन उत्तरपत्रिका शब्दाला शब्द सारख्या आल्या की त्यातली एक चोरीची, हा तिचा ठोकताळा एकदाही चुकला नव्हता.

अशी ही बाई बेचाळिसाव्या वर्षी राजीनामा देऊन विद्यापीठाच्या बुरशीच्या प्रयोगशाळेत संशोधक विद्यार्थिनी म्हणून दाखल झाली. नवरा चष्म्याच्या दुकानात भिंगे घासत असे. तो म्हणाला, नंबर बदलला की काच बदलावीच लागते, जा तू. सासूबाईंनी मात्र विचारले की बुरशीच बघायची तर इतक्या लांब कशाला, आपला पावाचा डबा काय वाईट आहे?

प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितले की एक महिना बघू. महिन्याने त्या तिची वही तपासणार आणि ठेवायचे की नाही ते ठरवणार. शाळेत तिच्या जागी दुसऱ्या बाई रुजूही झाल्या होत्या. म्हणजे इथे पाय टिकला नाही तर तिथे टेकायला जागा नव्हती.

नव्या माणसाला तिथे सुरुवातीला एकच काम देत. काचेच्या बारा चपट्या झाकणबंद डब्या, ज्यांना सगळे नुसते 'प्लेटा' म्हणत, त्यांत एकच खाद्य ओतायचे, मधोमध एकाच बुरशीचा कण ठेवायचा, आणि प्लेटा इन्क्युबेटरमध्ये, म्हणजे ठराविक ऊब राखणाऱ्या कपाटात, ठेवायच्या. मग रोज सकाळी प्लेट पालथी करून बुरशीचे वर्तुळ पट्टीने मोजायचे. सहा दिवसांनी पुन्हा नव्या बारा. यात शोध काही लागत नाही. माणूस एकच गोष्ट बारा वेळा सारखी करू शकतो का, एवढेच कळते. आकडे लिहायची वही पक्क्या बांधणीची होती, पानांवर छापील क्रमांक होते, आणि त्यातले पान फाडायचे नाही हा नियम होता.

इन्क्युबेटरची किल्ली काकांकडे असे. काका म्हणजे तिथले तंत्रज्ञ. सत्तावीस वर्षे त्याच खोलीत काढलेले, अंगाने किरकोळ, बोलायला त्याहून किरकोळ. सकाळी दार उघडून देत, तिचे मोजून झाले की लावत. किल्ली मागितली तर म्हणत, "मी आहे ना."

या 'मी आहे ना'ने तिच्या मनात पहिल्यांदा पाल चुकचुकली. शाळेतही प्रयोगाच्या कपाटाची किल्ली कुणी अशी छातीशी धरून ठेवली की आतल्या बाटल्या कमी भरत.

पहिल्या खेपेचे, सहाव्या दिवशीचे आकडे आले. बेचाळीस मिलिमीटर, एक्केचाळीस, बेचाळीस, बेचाळीस, त्रेचाळीस, एक्केचाळीस. बाराही जणू एकाच आईची लेकरे. दुसऱ्या खेपेलाही तेच. दुसरे कुणी असते तर पेढे वाटण्याइतके खूश झाले असते. बाई मात्र वहीकडे बघत बसली. जिवंत वस्तू इतकी सारखी वाढते? तिच्या वर्गातल्या चाळीस मुलांना एकच धडा एकाच तोंडाने शिकवला तरी चाळीस तऱ्हा निघत. इतकी सारखी उत्तरे तिने आयुष्यात एकाच कारणाने पाहिली होती.

शिवाय तिने प्लेटा हजेरीपटाप्रमाणे लावल्या होत्या, डावीकडून एक ते बारा. सकाळी त्या तशा नसत. सात नंबर पुढे आलेला असे, एक नंबर मागे गेलेला.

ती घरी बोलली. कुणीतरी माझ्या प्लेटा बदलतो, नवीन माणसाला आपटवायचा डाव असेल. नवऱ्याने विचारले की आपटवायचे असते तर आकडे बिघडवले असते ना, सुधारले कशाला असते? त्यावर ती म्हणाली की आधी वर चढवतात, मग मॅडमसमोर उघडे पाडतात. सासूबाई भाजी निवडत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "संशय हा पाहुणा असतो बाई. पाणी विचारलंस की मुक्कामालाच राहतो." पण पाहुण्याचे पाणी पिऊन झाले होते.

तिसऱ्या खेपेला तिने काचेवर उमटणाऱ्या काळ्या पेन्सिलीने प्रत्येक प्लेटच्या झाकणाला आणि तळाला एक बारीक ठिपका केला, समोरासमोर. पाचव्या दिवशी सकाळीही सगळे ठिपके जुळले, म्हणजे झाकणे कुणी उघडली नव्हती. पण जागा बदललेल्याच. त्या दिवशी दुपारी सगळे जेवायला गेल्यावर ती अर्ध्या जिन्यातून परतली आणि दाराच्या काचेतून पाहिले. एक वाजला होता. काका इन्क्युबेटरसमोर वाकून तिच्या प्लेटा एकेक करून हलवत होते. तिला दिसत होती ती त्यांची मान. शांत, अजिबात चोरट्यासारखी नसलेली. तेवढे एक तिला खटकले, पण तिने ते मनावर घेतले नाही.

ती तडक मॅडमकडे गेली. मॅडमनी सगळे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "हलवताना पाहिलंत, की बदलताना?"

"हलवताना. पण आकडे बघा ना. इतके सारखे येतात कुठे?"

मॅडमनी काकांना बोलावले. आरोप नाही, चौकशी नाही. पुढच्या खेपेचे सहा दिवस किल्ली बाईंकडे राहील, दुसऱ्या कुणी कपाटाला हात लावायचा नाही, एवढेच सांगितले. काकांनी बाईकडे एकदा पाहिले, किल्ली कडीतून सोडवली आणि टेबलावर ठेवली. "दार आपटू नका, बिजागरी ढिली आहे," म्हणाले आणि गेले. त्या आठवड्यात ते तिच्याशी दुसरे अक्षर बोलले नाहीत. काचसामान धुवायच्या मोरीशी उभे राहून पाठमोरे काम करत राहिले.

बाईने बारा नव्या प्लेटा ठिपके करून ओळीने लावल्या आणि कुलूप घातले. एकही प्लेट जागची हलली नाही. आणि आकडे फुटले. सहाव्या दिवशी पुढच्या रांगेत एकोणचाळीस, चाळीस. मागच्या रांगेत अठ्ठेचाळीस. उजव्या कोपऱ्यात तर एक्कावन्न. तिने पट्टी पुसून पुन्हा मोजले. पट्टी खरे बोलत होती.

आधी तिला वाटले की दुसरी किल्ली असणार. मग तिने ठिपके पाहिले, कुलूप पाहिले, आणि दुसरे कुणी संशय घ्यायला उरलेच नाही तेव्हा कपाटाचा संशय घेतला. चार थर्मामीटर आणून चार कोपऱ्यांत ठेवले. दारावरचा आकडा पंचवीस अंश दाखवत होता. पुढे चोवीस होते, मागे उजवीकडे अठ्ठावीस. ती तिथेच स्टुलावर बसली. काका प्लेटा कशासाठी हलवत होते ते तिला विचारावेही लागले नाही. तरी ती मोरीपाशी गेली आणि विचारले.

काकांनी हातातली बाटली विसळून पालथी घातली. "पंखा बदलला ना, तेव्हापासून. अकरा वर्षं झाली. मागची पुढं, उजवीकडची डावीकडं, रोज एक वाजता. सगळ्यांना सारखी ऊब मिळायला हवी."

"मग सांगितलं का नाहीत?"

"विचारलं असतंत तर सांगितलं असतं. तुम्ही विचारलंत मॅडमना."

महिना संपायला चार दिवस उरले होते. वहीत पहिल्या तीन खेपांची छत्तीस सारखी वर्तुळे होती. चौथी खेप अजून कच्च्या कागदावरच होती, पक्क्या वहीत उतरली नव्हती. ती उतरवली नाही तर वही निर्मळ दिसत होती आणि जागा जवळपास नक्की होती. रात्रीच्या जेवणात तिने आमटीत दोनदा मीठ घातले. नवऱ्याने काय झाले म्हणून विचारले तर म्हणाली, वर्गात उद्या मीच कॉपी करताना सापडेन बहुतेक.

सकाळी तिने पान क्रमांक एकोणतीसवर चौथ्या खेपेचे बाराही आकडे लिहिले, खाली थर्मामीटरचे चार. त्याखाली लिहिले: 'पहिल्या तीन खेपांत तंत्रज्ञ रोज प्लेटांच्या जागा बदलत होते, म्हणून आकडे सारखे आले. हे मला माहीत नव्हते. मी त्यांच्यावर संशय घेतला आणि हे काम थांबवले, म्हणून चौथ्या खेपेचे आकडे फुटले.'

मॅडमनी ते पान दोनदा वाचले. मग बाईकडे न बघता कपाटातल्या आपल्या अकरा वर्षांच्या अहवालांकडे बघत राहिल्या. त्या प्रत्येकात 'पंचवीस अंशांवर ठेवले' असे लिहिले होते आणि एकातही काकांचा हात लिहिलेला नव्हता. "मलासुद्धा माहीत नव्हतं," त्या म्हणाल्या. मग निकाल सांगितला. जागा पक्की नाही. मुदत आणखी एक महिना. आणि दुपारी एक वाजताच्या फेरबदलाची नोंद आजपासून रोज, दोघांच्या सहीने.

किल्ली तिने काकांच्या टेबलावर नेऊन ठेवली आणि चुकले म्हणाली. काकांनी ती कडीत अडकवली. "बरं," म्हणाले. माफ केले की नाही ते त्या 'बरं'वरून कळले नाही.

सोमवारी काका रजेवर होते, किल्ली टेबलावर ठेवून गेले होते. तिने बरोबर एक वाजता प्लेटा फिरवल्या, मागच्या पुढे, उजवीकडच्या डावीकडे, आणि सही केली. मंगळवारी सकाळी मोजायला पहिली प्लेट पालथी केली तर तळाला, तिच्या ठिपक्याच्या शेजारी, निळ्या शाईचा आणखी एक ठिपका होता. तिने दुसरी पाहिली, तिसरी पाहिली. बाराही प्लेटांवर होता, आणि कपाटाच्या फळीवरही प्रत्येक प्लेटच्या मूळ जागी एकेक निळी खूण होती. रजेवर जाण्याआधी काकांनी केलेल्या, सोमवारी घाईत तिच्या नजरेतून सुटलेल्या.

मोरीपाशी काका पाठमोरे उभे होते.

"तपासलंत?" तिने विचारले.

"तपासलं," ते म्हणाले. "सात नंबर फिरवायला विसरलात."

तिने जाऊन पाहिले. सात नंबर जागच्या जागी होता. तिने वही उघडली, तारीख घातली आणि लिहून ठेवले.