वरच्या खोलीतला धूर

मी चौथी शिकलेला, पोलाद कारखान्यात कोक ओव्हनच्या भट्टीवर घाम गाळलेला माणूस. भूतबित मानत नव्हतो. पण त्या वर्षी दर रविवारी दुपारी टीव्हीवर एका श्रीमंत खानदानाची मालिका लागे आणि ती पाहिली की माझा जीव थाऱ्यावर राहत नसे. मोठी हवेली, वरच्या मजल्यावर बंद खोली. तिथून रडणं येई, दाराखालून धूर निघे, आणि खाली मालक पाहुण्यांना हसून सांगे, "वर काही नाही, अडगळ आहे." आमच्या क्वार्टरात शेजारचे पंधरा जण दाटीनं बसत. नाइट पाळी करून आलो तरी मी झोपत नसे.

त्याच सुमारास पोरीला जवळच्या उतई गावचं स्थळ आलं. आमच्याच भंडाऱ्याकडचे लोक, तिकडे तांदळाची मिल टाकलेले. पोरगा पाहून गेला, पसंती झाली. पोरगीही खूश होती. आता आम्ही त्यांचं घर पाहून यायचं तेवढं उरलं होतं.

मी आणि बायको गेलो. दुमजली घर. चहा पिता पिता वरून बारीक रडणं ऐकू आलं.

"वर कोन आहे?" मी विचारलं.

पोराचे वडील हसले. "कोनी नाही जी. अडगळ आहे."

शब्दसुद्धा तोच! बायकोनं कोपर मारलं, "गप बसा ना." पण पोरगी द्यायची होती आम्हाला! "गच्ची पाहून येतो," म्हणालो आणि कोणी अडवायच्या आत जिना चढलो. एका दाराखालून धूर येत होता. ढकललं.

खाटेवर त्यांची मोठी सून, कुशीत तीन दिवसांचं बाळ. खाली शेगडीत ओवा जळत होता. ती किंचाळली, तसे पोराचे वडील धावत वर आले.

त्यांच्या तोंडून सगळं बाहेर आलं. दिवस भरायच्या आधीच ती बाळंत झाली होती, माहेरी न्यायला वेळ मिळाला नव्हता. घरात सोयर असताना दहा दिवस लग्नाची बोलणी होत नाहीत. आमचं येणं टळू नये म्हणून त्यांनी लपवलं होतं.

"बाळंतिणीच्या खोलीत परका मानूस घुसते? पोलीस आहात का जी तुमी?" ते ओरडले.

"अन् तुमी कावून लपवलं?" मीही आवाज चढवला आणि तसाच निघालो.

घरी पोचताच बायकोनं पोरीला सगळं सांगितलं. पोरगी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "बाबा, टीव्हीतल्या हवेलीत देऊन राहिले होते का तुमी मले?"

"खोटं ते बोलले. मी कायले माफी मांगू?"

"नका मांगू. पन मंग माझ्यासाठी दुसरं स्थळबी पाहू नका."

फोरमनपुढे चूक कबूल करायची नाही म्हणून प्रमोशन सोडलेला माणूस मी. दोन दिवस पाळीवरून आलो की पाणी बायको देई, पोरगी पुढे येत नसे. बसलो की उठावं वाटे, उठलो की कुठे जावं कळेना. तिसऱ्या दिवशी सायकल काढली.

मिलच्या आवारात, हमालांच्या देखत पोराच्या वडिलांना म्हणालो, "माझं चुकलं. सूनबाईलेबी सांगा."

ते म्हणाले, "आमीबी खोटंच बोललो जी. चार दिवसांनी सोयर फिटते, मंग या. आज चहा देत नाही. घरात विटाळ आहे, आज खरं सांगतो."

हो काही म्हणाले नव्हते. पोरीला काय सांगावं, हेच रस्ताभर घोळत होतं. सायकल दारात लावली तशी ती बाहेर आली.

"चार दिवसांनी बोलावलं," म्हणालो.

ती आत गेली आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली. तीन दिवसांत पहिल्यांदा.