वत्सेट्टन आणि मुका लॅपटॉप

"जे उघडून वाचता येत नाही, ते मी दुसऱ्याच्या यंत्रात घालत नाही," असं वत्सेट्टन एकदा म्हणाला होता. समोरच्या गिऱ्हाइकाला फक्त प्रिंटर चालू करून हवा होता. ते बिचारं प्रिंटर काखेत मारून दुसऱ्या दुकानात गेलं.

केरळातल्या पय्यन्नूरच्या जुन्या बसस्टँडमागे शिंपी आणि छत्रीवाला यांच्यामध्ये एक फट उरली होती. तिला दार लावून वत्सेट्टनने दुकान केलं. नाव वत्सराजन, पण लहानथोर सगळे त्याला थोरल्या भावाच्या नात्याने वत्सेट्टन म्हणत. आमचं गलाईचं दुकान बरोबर समोर. सोनं वितळवता वितळवता मान वर केली की तो दिसायचा: मांडीवर पोट फाडलेला लॅपटॉप, ओठांत स्क्रू, चष्मा कपाळावर. आमच्याकडे सोनं आगीत घातलं की खोट आपोआप वर येते. त्यालाही यंत्राकडून एवढंच हवं होतं, की त्याने स्वतःला दाखवावं.

संगणक चालवणाऱ्या प्रणालींपैकी तो फक्त लिनक्स घालायचा. त्याची प्रत्येक ओळ उघडी असते. कुणीही वाचावी, बदलावी, शेजाऱ्याला द्यावी. आमच्या इथल्या शाळांत पोरं तेच शिकतात. पण शाळांतलं लिनक्ससुद्धा त्याला पुरतं पसंत नव्हतं. कारण काही यंत्रांचं वाय-फाय किंवा आवाज चालण्यासाठी कंपन्यांनी दिलेले बंद तुकडे त्यात मिसळलेले असतात. आत काय लिहिलंय ते त्या कंपनीलाच ठाऊक. तांदळातले खडे वेचावेत तसे तो ते वेचून काढायचा आणि उरलेलं आपल्या पेन ड्राइव्हवर भरायचा. लोक हसायचे. त्याला त्याचं काही नव्हतं.

हसणाऱ्यांतल्या फार थोड्यांना त्याच्या भावाची गोष्ट माहीत होती. भाऊ नाटकं लिहायचा. आयुष्यभराची नाटकं त्याने एका कंपनीच्या मल्याळम टायपिंगच्या प्रोग्रॅमात टाइप करून ठेवली. भाऊ गेला, पुढे कंपनीही गेली. नाटकं अजून आहेत. फाइल उघडली की चौकोनांच्या रांगा दिसतात, खिडक्या बंद असलेल्या चाळीसारख्या. आत माणसं बोलत असतील, पण बाहेर काही ऐकू येत नाही.

तर त्या रविवारी आमच्या वायनशाळेत, म्हणजे गावच्या वाचनालयात, लिनक्स घालून देण्याचा मेळा होता. असा मेळा दरवर्षी भरतो. वर्तमानपत्रांची लांब टेबलं जोडून ठेवतात, वायरी छताच्या आढ्यावरून सोडतात, आणि सकाळपासून माणसं आपापली आजारी यंत्रं घेऊन येतात. कोपऱ्यात कट्टन, म्हणजे बिनदुधाच्या, चहाचं पातेलं उकळत असतं, परातीत गरम पळंपोरी, आणि प्रत्येकाची बोटं केळ्याच्या भज्यांनी तेलकट, तरी कीबोर्डवर. कुणाचा पडदा उजळला की अख्खं वाचनालय ओरडतं. वाचनालयात ओरडायची परवानगी वर्षातून तेवढीच.

सेक्रेटरी नाणू माश दारातच उभे होते. निवृत्त मास्तर, जीभ अजून नोकरीत.

"वत्सा, तुझा सोवळा पेन ड्राइव्ह आणलास ना? का आज जरा आमच्यासारख्यांच्या हातचं चालेल?"

"तुम्ही चहात साखर किती घालता ते बघा, माशे. डॉक्टरने काय सांगितलंय?"

"डॉक्टरचं अक्षर मला वाचता येत नाही, म्हणून मी ते औषध घेत नाही. तुझंच तत्त्व!"

सगळे हसले. वत्सेट्टनही हसला. त्याच वेळी रिक्षातून प्रजिषा टीचर उतरली.

प्रजिषाला जन्मापासून दिसत नाही. अनेक वर्षं परीक्षा देत, यादीत नाव वर सरकण्याची वाट बघत शेवटी तिला हायस्कुलात कायमची नोकरी लागली होती. इतिहास शिकवायचा. भावाने नवा लॅपटॉप घेऊन दिला होता, आत काही न घातलेला, कोराच. तो तिने पाळण्यातल्या पोरासारखा दोन्ही हातांनी धरला होता.

"वत्सेट्टा, उद्या सकाळी माझा पहिला तास आहे," ती बसता बसताच म्हणाली. "हेडमास्तर भला माणूस आहे. म्हणाला, टीचर, शेजारी कुणीतरी बसवू, ते तुम्हाला वाचून दाखवेल. मी म्हटलं, माझा लॅपटॉप वाचेल. आता तुम्ही मला खोटी पाडू नका."

"टीचर, दुपारच्या आत बोलता करून देतो," वत्सेट्टन म्हणाला.

पहिल्या अडचणीत त्याला मजाच आली. पेन ड्राइव्ह लावला, लिनक्स सुरू झालं, पण ते म्हणे, या यंत्रात डिस्कच नाही! वत्सेट्टनने चष्मा खाली घेतला. "आहे. कारखान्यातून येताना हिला बुरखा घालून पाठवलंय." यंत्र बंद करून त्याने आतल्या निळ्या पानावर जाऊन एक सेटिंग फिरवलं, पुन्हा चालू केलं, आणि डिस्क दिसली. वाचनालय ओरडलं. प्रजिषाने टाळी वाजवली.

दुसरी अडचण वाय-फायची. लॅपटॉपमधलं कार्ड बंद तुकड्याशिवाय श्वास घेईना. वत्सेट्टनने मागचे स्क्रू काढले आणि आपला बिस्किटांचा पत्र्याचा डबा उघडला. त्यात मेलेल्या लॅपटॉपांची हाडं असत. एक जुनं, पूर्ण उघड्या जातीचं कार्ड त्याने निवडलं, त्याचे पाय खोडरबरने घासले आणि बसवलं. दोन बारीक तारा चिमट्याने टोचल्या. नव्या यंत्रात जुनं कार्ड. आम्ही सगळे श्वास धरून बघत होतो. वाय-फायची खूण उमटली आणि त्याने दोन्ही हात वर केले, जसा गोल मारल्यावर पोरं करतात. इतका आनंदात मी त्याला क्वचित पाहिला होता.

"आता फक्त याला बोलू दे," तो म्हणाला आणि पडदा वाचून दाखवणारा प्रोग्रॅम सुरू केला.

लॅपटॉप गप्प राहिला.

त्याने आवाज वाढवला. गप्प. पडद्यावरचा आवाजाचा मिक्सर उघडून एकेक खटका तपासला. पडद्यावर स्पीकरच्या जागी लिहिलेलं होतं: खोटा स्पीकर. म्हणजे यंत्राला आपल्या घशाचाच पत्ता नव्हता.

"जुन्या वाटेने नेऊन बघू," असं म्हणत त्याने सुरुवातीच्या ओळीत एक शब्द घातला आणि यंत्र बंद-चालू केलं. स्पीकरमधून खरखर आली. सगळे ओरडले. खरखर थांबली ती थांबलीच. त्याने दुसरा शब्द घातला. पुन्हा बंद-चालू. त्याच्या मानेवरून घाम ओघळत होता, पण डोळे चमकत होते. हरणाऱ्या माणसाचे डोळे तसे नसतात. डब्यातून त्याने बाहेरून लावायची आवाजाची एक छोटी कांडी शोधून काढली. लावली. हेडफोन प्रजिषाच्या कानाला दिला.

"स्वा..." ती ओरडली. "म्हणाली! 'स्वा' म्हणाली!"

आणि कांडी मेली. खाऱ्या हवेने तिच्या तोंडाला हिरवा गंज चढला होता. वत्सेट्टनने ती घासली, फुंकली, उलटी करून आपटली. 'स्वागत'मधलं 'गत' काही आलं नाही.

"ब्लूटूथचा स्पीकर लावा की," नाणू माश म्हणाले.

"ब्लूटूथ कंपनीच्या कार्डावर होतं," वत्सेट्टन हळू म्हणाला.

"म्हणजे ते तू काढून डब्यात टाकलंस. वा!"

"उद्या दुपारपर्यंत कण्णूरहून नवी कांडी आणतो, टीचर. आज रविवार, दुकानं बंद."

प्रजिषाने मान हलवली. "माझा तास सकाळी आहे. आणि ती बाहेर लटकणारी कांडी मला नको. एखाद्या वांड पोराने उपटली की भर वर्गात मी पुन्हा आंधळी."

"जपून वापरायची."

"तुम्ही डोळे खिशात घालून हिंडता का, वत्सेट्टा? लागतील तेव्हा काढता?"

ती पुढे म्हणाली, "शाळेतल्या लॅपटॉपचा आवाज चालतो. त्यात तो बंद तुकडा असतो. मला माहीत आहे. तो आणा."

"आत काय लिहिलंय ते कुणालाही वाचता येत नाही त्यातलं."

"मला तुमचं उघडंही वाचता येत नाही," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "जन्मभर कुणीतरी वाचून दाखवतं आणि मी विश्वास ठेवते. बसच्या पाट्या, औषधाच्या बाटल्या, निकाल. आज सकाळपासून तुमच्यावर ठेवलाय. उद्या पहिल्यांदाच वर्गासमोर स्वतः वाचणार होते."

वत्सेट्टनने मेलेली कांडी डब्यात टाकली. वाचनालयाच्या पंख्याखाली वर्तमानपत्रं फडफडत होती. मग तो म्हणाला, "माझ्या हातून नाही व्हायचं, टीचर. दुसऱ्या कुणाला सांगतो."

"दुसरं कुणी कशाला? हात आहेत मला." तिने लॅपटॉप आपल्याकडे ओढला आणि दोन्ही तर्जन्यांनी कीबोर्डवरचे उंचवटे शोधले. "कॉलेजात मी लिनक्सवरच शिकले. काय टाइप करायचं ते मला येतं. मला फक्त दिसत नाही. पडद्यावर काय येतं तेवढं वाचा. वाचाल ना?"

वत्सेट्टनने खुर्ची ओढली आणि वाचायला लागला.

तो आवाज मी कधी ऐकलाच नव्हता. दुकानातला वत्सेट्टन स्क्रू तोंडात धरून पुटपुटायचा. हा आवाज भिंतीपर्यंत पोचत होता, शब्दाला शब्द चिकटू देत नव्हता, स्वल्पविरामालासुद्धा जागा देत होता. नाणू माश माझ्या कानाशी आले.

"विडीच्या कारखान्यात असाच वाचायचा," ते म्हणाले. "पोरगेला होता. माणसं रांगेत बसून विड्या वळायची आणि हा मधोमध स्टुलावर बसून पेपर वाचायचा, पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत. त्याच्या वाटणीच्या विड्या बाकीचे वळून द्यायचे. एकदा मुकादमाने सांगितलं, संपाची बातमी गाळ. याने ती दोनदा वाचली."

प्रजिषा टाइप करत होती. तिच्या पहिल्या ओळीने बंद तुकड्यांच्या कोठाराचं दार उघडायचं होतं. वत्सेट्टनने काहीही गाळलं नाही. पडद्यावर इशारा आला तोही वाचला: "यापुढचं साहित्य मुक्त नाही."

"पुढे," ती म्हणाली.

"परवलीचा शब्द मागतंय."

तिची बोटं हवेत थांबली. "तो तर तुम्ही ठेवलाय."

खरंच. मेळ्यात प्रत्येक यंत्राला वत्सेट्टन स्वतः एक शब्द द्यायचा आणि घरी जाताना मालकाच्या कानात सांगायचा. मालकाने मग तो बदलायचा. ही त्याची पद्धत. तो शब्द आत्ता फक्त त्याच्याजवळ होता, आणि त्याच्याशिवाय दार उघडणार नव्हतं. चहाच्या पातेल्याखालचा स्टोव्ह कुणीतरी बंद केला.

पडद्यावरची खूण लुकलुकत होती. तिला ती दिसत नव्हती. ती फक्त त्याच्या श्वासाच्या दिशेला कान करून बसली होती.

वत्सेट्टन वाकला. तिच्या कानाशी त्याचे ओठ हलले. आम्हाला काही ऐकू आलं नाही. मग तिची बोटं चालू लागली, न थांबता.

"घेतला," त्याने मोठ्याने वाचलं. "आणतंय. वीस टक्के. साठ. पुरं झालं. बसवतंय. बसवलं."

"बंद-चालू करते," ती म्हणाली.

पडदा काळा झाला. मग अक्षरांचा धबधबा. मग पुन्हा काळा. शिंप्याच्या दुकानातली सुमती हातातली पळंपोरी विसरून उभी होती, तेल तिच्या मनगटावरून ओघळत होतं. नाणू माशांनी माझा दंड इतका घट्ट धरला होता की बोटं उठली.

"स्वागत," लॅपटॉप म्हणाला. "परवलीचा शब्द टाइप करा."

अहो, काय तो गोंधळ! टेबलं बडवली, कुणी शिट्टी मारली, कुणीतरी वर्तमानपत्र वर उडवलं. प्रजिषा हसत होती, रडत होती की काय ते तिलाही कळत नसावं. तिने तो शब्द टाइप केला, मग कसली तरी कळ दाबली आणि तो आवाज धावायला लागला, इतका वेगात की आम्हाला एक अक्षर समजेना. पाचोळ्यात वारा शिरल्यासारखी नुसती सळसळ. तिला सगळं कळत होतं. तिने पिशवीतला आपला पेन ड्राइव्ह लावून फाइल उघडली, मिटली, दुसरी उघडली, पानांमधून पळत सुटली, आणि मधेच थांबून आपल्या धड्यातली एक चूक दुरुस्त केली. आम्ही चाळीस-पन्नास डोळस माणसं तिच्या मागे राहून गेलो होतो.

"वत्सेट्टा," ती पडद्याकडे तोंड करून म्हणाली, "ऐकताय ना? उद्या वर्गाला या. मागच्या बाकावर बसा. मी वाचून दाखवते."

तो पडद्यासमोर उभा होता. चेहऱ्यावर राग नव्हता. पडद्याच्या कोपऱ्यात आवाजाची छोटी खूण होती, आता जिवंत. त्या खुणेकडे तो बघत होता, जसं माणूस न बोलावता आपल्या घरात शिरलेल्या पाहुण्याकडे बघतं. त्याने चष्मा काढून कमरेच्या मुंडूच्या, म्हणजे लुंगीच्या, टोकाने पुसला, पुन्हा घातला. डोळे तरीही ओले दिसले. कंपनीचं काढलेलं कार्ड डब्यातून उचलून त्याने प्रजिषाच्या लॅपटॉपशेजारी ठेवलं, डब्याचं झाकण लावलं.

"वत्सा, अरे चहा तरी घे!" नाणू माश ओरडले. "आज साखर मी घालत नाही!"

वत्सेट्टनने डबा काखेत धरला, पायरीवरच्या चपलांत पाय घातले, आणि बाहेर उन्हात निघून गेला.